सब्जा उगवला भलत्याच कबरीवर

खोर म्हणजे खाडी. हे मला कुणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, अरबी तर टँकर चालवता चालवता तोंडात बसली. पहिल्यांदा पाण्याचा टँकर घेऊन दोह्याहून वर अल खोर गावाला गेलो, तेव्हा समुद्र वाकडा होऊन जमिनीत शिरलेला बघितला. कडेला कांदळ उभी, ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला आणि वास तोच. मी काच खाली करून नाक बाहेर काढलं. रत्नागिरीपासून इतक्या लांब येऊन पुन्हा खाडीच. मनात म्हटलं, नाव खोर का ते आता कळलं.

ह्याच गावात पुढे बायको पुरावी लागेल, हे तेव्हा कुणाला माहीत.

तिला जाऊन दीड वर्ष होत आलं, त्या सुमाराची ही गोष्ट. मुलाच्या कंपनीने त्याला खलास म्हणून सांगितलं होतं. काम संपलं, आता सगळ्यांनी गावाला परत जायचं. मी मुलाच्या व्हिसावर. तो गेला की मला इथे उभं राहायलासुद्धा परवानगी नाही. दोह्यातल्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये खोकी बांधून भिंतीला लावलेली, सोफा कुणी मल्याळी घेऊन गेला होता, आणि मी आतल्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत.

"अब्बा, बसा की जरा," मुलगा म्हणाला. "सकाळपास्नं किती वेळा दार उघडलंत."

"दार उघडायला बंदी हाय काय?"

"मना माहीत हाय तुमच्या डोक्यात काय चाललंय. दुआ कुठूनपण पोचते, अब्बा."

"मग तू हापिसात कशाला जात होतास इतकी वर्षं? घरी लोळत पाठवायचं होतंस काम."

पोरगा वाईट नाही. पण दुआ पोचण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की तिची कबर नक्की कुठली हे मला माहीत नव्हतं, आणि विमानात बसायच्या आधी ते मला माहीत करून घ्यायचं होतं. माणूस जिथे आहे तिथे एकदा उभं राहून, जातो म्हणून सांगावं लागतं. मी इतक्या वेळा सुट्टी संपवून गावाहून निघालो, पण तिला न सांगता उंबरा ओलांडला नाही. ती चुलीपुढून उठायची नाही, मागे वळायचीसुद्धा नाही. "जावा" एवढंच म्हणायची. पण सांगावं लागायचंच.

आमचं लग्न होऊन उभा जन्म गेला, त्यातला बराचसा मी दोह्यातल्या नजम्यात बॅचलरांच्या खोलीत काढला, एकावर एक खाटा लावलेल्या. ती तिकडे घर सांभाळत. मुलाने फॅमिली व्हिसा काढला, अल खोरला फ्लॅट घेतला, तेव्हा कुठे ती आली आणि आम्ही नवराबायकोसारखे एका छपराखाली राहिलो. म्हातारपणी. जिवंत होती तेव्हा तिला तिकडे सोडून मी इकडे. आता तिला इकडे सोडून मी तिकडे. ह्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं.

आली तेव्हा मी तिला गाव दाखवायला नेलं. उन्हं उतरली की आम्ही पाण्याच्या कडेने चालायचो. ती कांदळाकडे बघून म्हणाली, "अवो, ही तर आपलीच खाडी. नुसते नारळ काढून घेतलेनी."

तिथे चढावर जुने बुरूज आहेत, गोल, मातीच्या रंगाचे. सरकारने लिंपून नीट केलेत, पाटी लावलीय. तिने विचारलं, "ह्यात कोण राहायचा?"

"पहारेकरी."

"कसला पहारा?"

"खाली गोड्या पाण्याची विहीर आहे. ती राखायला. आणि बंदरावर लक्ष ठेवायला."

"विहिरीला पहारेकरी!" तिला हसू आवरेना. "आमच्या विहिरीवर असता तर निदान कळशी तरी उचलून दिली असतान मेल्यानं."

त्या विहिरीपाशी ती बराच वेळ थांबली. मग जुनी बारकी मशीद, पडकी घरं. मासेवाल्यांची, मोती काढणाऱ्यांची. तिला घरांपेक्षा कबरींत जास्त रस. टँकरच्या दिवसांत मी उत्तरेकडची ओस पडलेली गावं बघितली होती. माणूस नाही, छप्पर नाही, पण गावाबाहेर वाळूत रांगेने उभे धोंडे. नाव नाही, काही नाही, नुसता धोंडा. एकदा मुलाच्या गाडीने तिला तिकडे नेलं. गाडीतून उतरून ती कुंपणाशी उभी राहिली.

"अरबाच्या कबरी," ती म्हणाली.

आमच्या गावात खाडीच्या तोंडाशी अशाच कबरी आहेत. जांभ्याचे चिरे, अर्धे जमिनीत गेलेले. त्यांना सगळे अरबाच्या कबरी म्हणतात. कुठल्या जमान्यात गलबत आलं, तापाने खलाशी मेले की बुडून वर आले, कुणाला माहीत नाही. पण आमच्या बाया गुरुवारी तिकडे ऊद लावतात, आणि सब्ज्याचं झाड सुकलं तर दुसरं लावतात. सब्जा आमच्याकडे कबरीवर लागतोच. हिरवं झाड तसबीह करतं, म्हणजे अल्लाचं नाव घेतं, आणि तेवढाच मय्यतीला थंडावा, असं जुनी माणसं सांगतात. स्वतःच्या आईबापाच्या कबरीवर पाणी घालून झालं की उरलेलं त्या परक्यांना. बायको लहान असल्यापासून ते करायची. त्या कुंपणाशी तिने इकडे तिकडे बघितलं आणि बाटलीतलं पाणी जाळीतून आत ओतलं. वाळूने ते कुठे प्यायलं कळलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "चल यल्ला, ऊन लागेल."

"तुमच्या पायाला भिंगरी लावूनच आयशीनं जन्म दिलान," ती म्हणाली.

पुढल्याच वर्षी उन्हाळा उतरता उतरता ती गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटी शेवटी सून तिला चमच्याने पेज भरवायची. त्या दोघींचं एरवी पटायचं नाही. सून रायगडकडची, नारळ बारीक वाटणारी, आणि आमची म्हणायची, "हा सार हाय की शाळेतला खडू कालवलास?" सूनही ऐकून घेणारी नव्हती. पण गुसल, मय्यतीची शेवटची आंघोळ, तिनेच घातली, बरोबर शेजारच्या दोन बायका होत्या. मग जनाजा उचलला. इथे बाया कबरस्तानात येत नाहीत. सून बाहेर फाटकाशीच थांबली.

आत आम्ही पुरुष. मुलगा, त्याच्या कंपनीतले चारसहा जण, नमाजाला आलेले कितीतरी अनोळखी. मी कबरीच्या कडेला उभा होतो. आता विचारलं तर मला खड्ड्याची वाळू आठवते, मुलाची ओली बाही आठवते, तिला टेकवलेल्या कच्च्या विटा आठवतात. आजूबाजूला काय होतं ते आठवत नाही. माणूस कबरीत बघतो, इकडे तिकडे बघत नाही. मुलालाही विचारलं. म्हणाला, "अब्बा, मना काहीच दिसत नव्हता."

खूण म्हणून मी सब्जा पेरला. खिशात बी होतं, तिच्याच डब्यातलं. रोज बसून बाटलीभर पाणी घालायचो. चार पानं वर आली. मग पुढल्या उन्हाळ्यात आम्ही अल हिलालला राहायला आलो, मी तिचे कपडे द्यायला गावाला गेलो, तिथे तापाने पडलो, आणि परत आलो तोवर थंडी लागली होती. कबरस्तानात बघतो तर झाड नाही. तिच्या पुढेमागे कितीतरी नव्या कबरी. सगळ्या सारख्या. वाळूचा उंचवटा, डोक्याशी धोंडा. मुलाने कबरस्तानाच्या कचेरीत विचारलं, त्यांनी ओळ सांगितली. ओळीतली जागा काही सांगता येईना.

तिथला राखणदार मकरानकडचा बलोच, माझ्याच वयाचा. त्याला विचारलं, "इधर झाड था, किधर गया?"

"निकाल दिया."

"का निकाला?"

"हुक्म है, बाबा. कबर के ऊपर कुछ नहीं. न झाड, न फूल, न चादर." रागाने नाही बोलला. रस्त्यावरचा कागद उचलावा तसं त्याने ते उपटलं होतं. कुठल्या कबरीवरून, तेही त्याला आठवत नव्हतं.

मग पाऊस पडला. इथला पाऊस, दोन दिवस रस्ते बुडवून गेला. आठवड्याने गेलो तर त्याच ओळीत एका कबरीच्या पायथ्याशी सब्जा. बोटभर उंच. पान चुरडून वास घेतला, सब्जाच. मी तिथेच बसकण मारली. म्हटलं, सापडलीस. बी वाळूत राहिलं असणार, पाणी मिळालं, आलं वर. राखणदाराला दिसू नये म्हणून मी झाडाच्या पुढे बसायचो.

सगळी थंडी मी बसने तिथे जात होतो. बसून तिला सगळं सांगायचो. तुझी भाची बाळंत झाली. पडवीची कौलं बदलली, पण लबाडाने जुनीच रंगवून बसवली. सुनेचा सार अजून खडूच आहे, पण मी गप खातो. तुझ्या बहिणीला निळी साडी दिली, ती म्हणाली हिरवी हवी होती. असलं सगळं.

एक दिवस राखणदार चहा घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, ये आपका कौन है?"

"बीवी."

"बीवी?" त्याने पेला खाली ठेवला. "ये तो मछलीवाला है. हमारे मुलुक का. लाँच पर काम करता था. मैंने अपने हाथ से उतारा है इसको."

"तेरेको गलती होगा."

"अपने गाँव का आदमी है, बाबा. गलती कैसे होगा?"

मी उठलो. पाय मुंग्यांनी भरले होते. पावसाच्या पाण्याने बी वाहून नेलं होतं, किंवा वाऱ्याने, आणि मी वेडा म्हातारा, सब्जा दिसला म्हणजे कबर आपलीच असं धरून चाललो होतो. गावात असतो तर बरोबर होतं. गावात झाड जिथे लावलं तिथेच राहतं. इथे वाळू कुणाची राहिलीय? आणि त्या बलोच मासेवाल्याने सगळी थंडी आमच्या सुनेच्या साराबद्दल ऐकलं.

"इसका इधर कोई नहीं आता," राखणदार म्हणाला. "अच्छा हुआ आप आया. दुआ इसको मिला."

"मेरी बीवी का दुआ तू बाँट दिया," मी ओरडलो. खरं तर त्याने काही केलं नव्हतं. तो चहा घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला झाडही गेलेलं होतं.

ते झालं आणि थोड्या दिवसांत मुलाच्या कंपनीने खलास केलं. म्हणून मी दार उघडत आणि लावत होतो. निघायच्या आदल्या शुक्रवारी मी चप्पल घातली. मुलगा सामानाच्या माणसाची वाट बघत होता. सून म्हणाली, "मी नेते अब्बांना. बसनं नको."

गाडीत तिला मी सगळं सांगितलं. मासेवाल्याचंसुद्धा. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर हसत होती.

"अम्मांना कळला असता तर?"

"मना जेवायला दिलं नसतान," मी म्हटलं. मग मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

कबरस्तानाच्या फाटकासमोर तिने गाडी थांबवली. तेव्हा म्हणाली, "तुम्ही मना कधी विचारलंत नाय."

"काय?"

"अम्मांना कुठे ठेवलं ते."

"तू आत कुठे होतीस?"

"आत नव्हते म्हणूनच तर. तुम्ही सगळे खाली बघत होतात. मना खालचं काय दिसणार? मी इथूनच बघत होते, ह्याच जागी, ह्याच जाळीतनं. नजर काढली नाय. तुम्ही कडेला उभे होतात पांढऱ्या टोपीत, नि मागे लांब त्या मशिदीचा मिनार. बरोब्बर तुमच्या डोक्यातनं उगवल्यासारखा दिसत होता." तिने ओढणी तोंडाशी धरली. "मना हसू आला होता, अब्बा. अम्मा पुरतायत नि मना हसू येतंय. मग लाज वाटली, म्हणून कुणाला सांगितला नाय. आणि कुणी विचारलं पण नाय. बायांना कोण विचारतंय."

मी गाडीतून उतरलो. फाटकाच्या जाळीतून बघितलं. मिनार होता. रखरखीत उन्हात, पुसट.

"फोन कानाला लावून ठेवा," ती म्हणाली. "मी सांगते तसे चला."

ओळ माहीत होतीच. ओळीच्या टोकाशी गेलो आणि फाटकाकडे तोंड करून उभा राहिलो. लांब ती, जाळीला चिकटलेली, बारकी.

"दिसतंय?"

"दिसतंय. मिनार अजून लांब आहे तुमच्यापासून. डावीकडे सरका. तुमच्या डावीकडे नाय, माझ्या."

"तुझी डावी म्हणजे माझी कुठची?"

"उजवी, अब्बा!"

सरकलो. मासेवाल्याची कबर मागे पडली. त्याला सलाम केला, ओळखीचा झाला होता.

"अजून. अजून. थांबा, पुढे गेलात. मागे या. मिनार खांद्यावर हाय."

"कुठच्या खांद्यावर?"

"असू दे कुठच्या! जरा सरका फक्त. आणि ताठ उभे राहा, त्या दिवशी ताठ होतात."

मी ताठ झालो. राखणदार लांबून बघत होता. त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं गेलं, कबरींतून फोटो काढून घेतोय.

"बस," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "डोक्यावर आला. तुमच्या पायाशी जी हाय, ती."

मी खाली बघितलं. उंचवटा बसून जवळजवळ सपाट झालेला. डोक्याशी धोंडा, दुसऱ्यांसारखाच. एक कोपरा तुटका. त्यावर वाळू साठली होती. मी ती हाताने झाडली.

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? माझी नजर हलली नव्हती, एवढंच सांगते."

एवढं मला पुरलं. कचेरीला इतकंही सांगता आलं नव्हतं. मी फातिहा पढलो. मग सांगायला तोंड उघडलं, जातो म्हणून. आता हे काही सुट्टी संपवून जाणं नव्हतं. तरी म्हटलं, "जातो गं." वाऱ्याने धोंड्यावर पुन्हा थोडी वाळू आणली. बरंच सांगायचं होतं. ते सगळं मासेवाल्याला सांगून झालं होतं. आणि फोनमध्ये मला श्वास ऐकू येत होता. सून फाटकाशीच उभी होती, जाळीत बोटं अडकवून. तिने अम्मांना शेवटचं बघितलं ते कफनाची गाठ मारताना. त्यानंतर आम्ही ह्या गावात होतो तोवर ह्याच रस्त्याने भाजीला जाऊनही तिला आत पाऊल टाकता आलं नव्हतं.

"तुला काय बोलायचं हाय?" मी विचारलं.

फोनमधून बारीक आवाजात, "हाय."

मी फोन धोंड्याला टेकवून ठेवला, आवाज मोठा केला आणि चालू लागलो. मागे काय बोलली ते मी ऐकलं नाही, ते माझं नव्हतं. एकदा 'सार' एवढा शब्द कानावर आला आणि मग रडणं.

राखणदार हात हलवत धावत आला. "बाबा! फोन! फोन उधर रह गया!"

"रहने दे," मी त्याचा दंड धरला. "सास-बहू बात करती है."